पथ्य आणि तप

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. भाद्रपदातलं दशलक्षण पर्व चालू होतं. सातवा दिवस, उत्तम तपाचा. दुपारच्या प्रवचनानंतर आमच्या बस्तीतल्या महिला मंडळाने उपवास आणि एकाशन करणाऱ्या बायकांचा छोटासा सत्कार ठेवला होता. नावं वाचत वाचत अध्यक्षीणबाई माझ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आता यांचं तर काय सांगावं! आपण दहा दिवस करतो. यांचा अकरा महिने रसपरित्याग चाललाय. गोड नाही, दूध नाही, बेकरीचं नाही, आंबवलेलं नाही. बेळगावात राहून कुंद्याला बोट लावलं नाही बाईनं!" सगळ्या हसल्या. टाळ्या वाजल्या. मला श्रीफळ दिलं. सासूबाईंचे डोळे भरून आले. मी हात जोडून, मान खाली घालून उभी राहिले. बघणाऱ्यांना तो विनय वाटला.

मैत्रिणींनो, ती लाज होती. मी तप करत नव्हते. मला खाली खाज सुटत होती आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं.

हे वाक्य लिहिताना आजसुद्धा हात थबकला. पण लिहायचं ठरवलंय, कारण त्या अकरा महिन्यांनी माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला. ताटातली साखर सोडणारी बाई तप करते आहे की पथ्य, हे कशावरून ठरतं? आणि ती यांतलं काहीच न करता फक्त घाबरून जगत असेल, तर ते कुणाला ओळखता येतं?

सुरुवात दाढेच्या दुखण्यापासून झाली. दोन वेळा अँटिबायोटिक गोळ्या घ्याव्या लागल्या. दाढ बरी झाली आणि आठवड्याभरात अंगावर पांढरं जायला लागलं, फाटलेल्या दुधासारखं. खाज अशी की वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं राहणं नको व्हावं. मी मेडिकलच्या दुकानात गेले, पुरुष गिऱ्हाईकं जाईपर्यंत थांबले आणि हळूच म्हटलं, "खाजेचं मलम द्या." कुठली खाज, हे त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या मलमात स्टेरॉइड मिसळलेलं होतं हे मला फार उशिरा कळलं. दोन दिवस बरं वाटायचं, मग दुप्पट.

पुढे ओळखीच्या एकीनं आहाराचा सल्ला देणाऱ्या एका बाईंचा नंबर दिला. तपासणी वगैरे काही नाही. फोनवरच प्रश्न विचारले. थकवा येतो का? गोड खावंसं वाटतं का? पोट फुगतं का? चिडचिड होते का? विसरायला होतं का? बहुतेक सगळ्यांना मी 'हो' म्हटलं. बेचाळीस वर्षांची बाई, शाळेची नोकरी, दोन मुलं, घरात आजारी सासरे. कोण 'नाही' म्हणेल? निकाल लागला की माझ्या आतड्यात कॅन्डिडा नावाची बुरशी बेसुमार माजली आहे आणि तीच सगळ्याच्या मुळाशी आहे. तिला उपाशी मारायचं. साखर, गूळ, फळं, दूध, मैदा, पाव, आंबवलेले पदार्थ, शेंगदाणे बंद. महिन्याभरानं भात आणि गहूही बंद. सोबत गोळ्या: कॅप्रिलिक अ‍ॅसिड, ओरेगॅनोचं तेल, बर्बेरीन, प्रोबायोटिक, लसणाच्या कॅप्सूल. महिन्याला 6,000 रुपये. लसणाच्या तेवढ्या मी घेणार नाही म्हटलं. आमच्यात कंदमूळ चालत नाही. त्या बाई म्हणाल्या, "तुमचा धर्म आधीच किती पुढारलेला आहे बघा!"

ते वाक्य मला फार आवडलं. तिथेच मी फसले.

कारण खरंच, ते पथ्य आमच्या स्वयंपाकघरात मोजून शिवल्यासारखं बसलं. पाव, बिस्किटं, रात्रभर आंबवलेलं पीठ आमच्या सासरी मुळातच वर्ज्य. मध नाही. लोणचं मर्यादेबाहेर गेलं की नाही. दही लावायचं तेही जुन्या दह्याचं विरजण न घेता, चांदीचा रुपया किंवा सुक्या मिरचीचे देठ टाकून, आणि त्याच दिवसात संपवायचं. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या सहा रसांतला एखादा सोडायचा, हा रसपरित्याग तर लहानपणापासून बघितलेला. त्यामुळे मी साखर आणि दूध सोडलं तेव्हा घरात कुणी कारण विचारलं नाही. सासूबाईंनी स्वतःच उत्तर काढलं आणि शेजारीही तेच सांगितलं, "आमच्या सूनबाईंनी रस सोडलेत." मी 'नाही' म्हटलं नाही. नवऱ्यालाही तेच सांगितलं. त्यांच्यापासून वेगळी निजू लागले, तेव्हा त्यालाही व्रताचंच नाव मिळालं. एक खोटं बोलायला लागलं नाही मला. नुसती गप्प राहिले, आणि सगळं खोटं आपोआप उभं राहिलं.

सहा महिन्यांनी त्रास वाढला. डोकं दुखायचं, चक्कर यायची, हातापायांत त्राण नसायचं. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "उत्तम! बुरशी मरते आहे. मरताना विष सोडते, त्याचा हा त्रास. म्हणजे औषध लागू पडतंय." मी खूश झाले. आज हसू येतं, पण नीट बघा, ही समजूत आपल्या ओळखीची आहे. उपवासात पित्तानं तडफडणाऱ्या बाईला आपण काय म्हणतो? कर्म झडतंय. त्रास झाला म्हणजे फळ मिळालं. बरं वाटलं तर पथ्याचा गुण, वाईट वाटलं तर तोही पथ्याचाच गुण. जी समजूत कधीच चुकू शकत नाही, ती बरोबर आहे की नाही हेही कधी कळू शकत नाही.

आपल्या शास्त्रकारांना हा धोका माहीत होता. नुसतं सोसण्याला त्यांनी तप म्हटलं नाही. नाइलाजानं सोसलं तर ती अकाम निर्जरा. समज नसताना देहाला दिलेले क्लेश म्हणजे बालतप. हे दोन्ही शब्द मी पाठशाळेत मुलांना शिकवले आहेत. स्वतःच्या ताटासमोर बसून मात्र एकदाही आठवले नाहीत.

सत्कारानंतर महिन्याभरात मी शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडले. वजन 58 किलोवरून 46 वर आलं होतं, हिमोग्लोबिन 8.6. रक्ताचा रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टरांनी एका बाई डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं, "खाली काही त्रास आहे का?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी रडायलाच लागले.

त्यांनी तपासलं. स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तपासणीला पाठवला. साखर बघितली, ती ठीक होती. बुरशी कुठेच नव्हती.

"धुता कशानं?" त्यांनी विचारलं.

"पाण्यात जंतुनाशक घालून."

"दिवसातून किती वेळा?"

"पाच-सहा."

"आणि वर ते मलम?"

"हो."

त्या म्हणाल्या, "बुरशी केव्हाच गेलीय बाई. आताचा त्रास तुमच्या उपायांचा आहे. कातडी सोलवटलीय, मलमानं पातळ झालीय. सगळं बंद करा. साधं पाणी, सुती कपडे. आणि जेवा."

तीन आठवड्यांत खाज गेली. अकरा महिने जिच्याशी लढत होते ती तिथे नव्हतीच.

त्यानंतर मी या कॅन्डिडाबद्दल जे मिळेल ते वाचलं, विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं जे आधीच वाचायला हवं होतं ते. नावापासूनच गंमत आहे. कॅन्डिडा अल्बिकन्स या लॅटिन नावातले दोन्ही शब्द पांढऱ्या रंगाचे. ही बुरशी कुणी परकी नाही. धडधाकट माणसांच्याही तोंडात, आतड्यात, बायकांच्या योनीत ती थोडीफार असते आणि काही करत नाही. तिथे दुसरे जिवाणूही असतात, दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद. ते आम्ल तयार करतात आणि बुरशीला मर्यादेत ठेवतात. अँटिबायोटिकनं ते जिवाणू मरतात, बुरशी मरत नाही. शेजारी गेले की ती ऐसपैस पसरते. गोल पेशींना लांब धागे फुटतात, ते कातडीत शिरतात, आणि मग खाज. गरोदरपणात, आटोक्यात नसलेल्या मधुमेहात, प्रतिकारशक्ती उतरली की हेच होतं. चारांतल्या सुमारे तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हे होतं असं डॉक्टर सांगतात. म्हणजे त्या सत्काराला बसलेल्या बायकांपैकी बहुतेकींना झालेलं असणार, आणि प्रत्येकीला आपण एकटीच असं वाटलं असणार.

आणि ते आतड्यात माजलेल्या बुरशीमुळे होणाऱ्या थकव्याचं? ती कल्पना अमेरिकेतून आली. तिथल्या दोन डॉक्टरांनी 1980च्या दशकात पुस्तकं लिहून ती पसरवली. त्यांतलं 'द यीस्ट कनेक्शन' 1983 सालचं. त्याच अमेरिकेत अलाबामा राज्यात काही डॉक्टरांनी 42 बायकांवर पारख करून बघितली. निस्टॅटिन हे बुरशीचं औषध आणि तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कोण काय घेतंय हे बायकांनाही माहीत नाही, तपासणाऱ्यांनाही नाही. 1990 मध्ये निकाल छापून आला. योनीतला त्रास औषधानं कमी झाला. थकवा, उदासी, अंगदुखी यांत मात्र बिनऔषधाच्या गोळीनंही तितकाच फरक पडला. खाज खरी होती आणि औषधाला दबली. बाकी सगळं त्या बुरशीच्या नावावर मांडलेलं होतं.

दुसरी एक तपासणीही अमेरिकेतलीच. आपल्याला बुरशीच झाली आहे अशा खात्रीनं दुकानातून औषध आणणाऱ्या बायकांना तपासलं, तर तिघींपैकी जेमतेम एकीला निव्वळ बुरशी निघाली. बाकीच्यांना दुसरंच काही किंवा काहीच नाही. माझं तेच झालं होतं.

गोळ्यांचाही हिशोब मी नंतर केला. प्रोबायोटिकच्या डबीत जो सजीव होता तो स्वतःच एक यीस्ट निघाला, सॅकरोमायसिस बुलार्डी. ऑंरी बुलार्ड या फ्रेंच माणसानं तो 1923 मध्ये लिची आणि मँगोस्टीनच्या सालींतून वेगळा काढलेला. एका बुरशीला मारायला मी रोज कोट्यवधी दुसऱ्या बुरशी गिळत होते. आणि बाहेरदेशातून आलेल्या त्या डब्यांवर आपल्याकडचा हिरवा ठिपका नव्हता. बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं की कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं आहे, म्हणजे जनावरांच्या कातडीचं आणि हाडांचं. लसूण नाकारताना जिला धर्माचा अभिमान वाटला होता, ती मी.

एवढं झाल्यावर मी माहेरी, शहापुरात, आत्याबाईंकडे गेले. त्या ऐंशीच्या घरातल्या. कितीतरी वर्षं पाणी गाळून, सूर्यास्ताआधी जेवून काढलेली. त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही. सगळं सांगितलं. मग मनात अडकलेलं विचारलं, "आत्या, उद्या खरंच परत झालं तर? डॉक्टरांची गोळी बुरशीला मारते. तीही जीवच की. आपण तर साधारण वनस्पतीच्या एका शरीरात अनंत जीव मानतो."

आत्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आणि वर्षभर ते जंतुनाशक ओतत होतीस तेव्हा कुठं गेलता हा हिशोब?"

मी गप्प.

"मी काय सांगतो ते ऐक. तू गृहस्थ हाईस, आर्यिका न्हवंस. चूल पेटवलीस की आरंभी हिंसा. शेती-धंदा केला की उद्योगी. अंगावर आलेल्याला थोपवलं की विरोधी. ह्या तीन्ही श्रावकाला कमीत कमी करायच्या, जपून करायच्या. संकल्पी तेवढी पुरती सोडायची. कुणाला तरी मारायचंच असं मनात धरून बसणं, ती संकल्पी. औषध घेणं म्हणजे थोपवणं. पण तू वर्षभर काय केलंस? रोज उठून एकच जप, तिला उपाशी मारायचं, तिला मुळासकट काढायचं. ती मेली का नाही देवाला ठाऊक. तुझ्या मनातनं हिंसा किती झाली?"

हे ऐकून मी खूप वेळ बोलले नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना आचार्यांनी प्राण जाण्याच्या आधी प्रमाद ठेवला आहे, बेसावध, कषायांनी भरलेलं मन. माझं मन तसंच होतं. राग बुरशीवर, किळस स्वतःच्या शरीराची, मान मिळाला म्हणून फुशारकी, आणि या सगळ्यावर झाकण म्हणून मायाचार. चारही कषायांतला एक लोभच राहिला होता म्हणावं, तर टाळ्यांचा लोभ होताच.

आता ताटाच्या प्रश्नाकडे येते. 'आपल्या पूर्वजांना सगळं आधीच माहीत होतं' असं म्हणणाऱ्या बायका मला भेटतात. पूर्वी मीही म्हणत होते. आंबवलेलं खाऊ नका असं शास्त्र सांगतं, पाश्चात्त्य पथ्यही तेच सांगतं, म्हणजे शास्त्र खरं. यात आपण शास्त्राचा मान वाढवत नाही, कमी करतो. आंबवलेल्या पिठात जीव उत्पन्न होतात, आपल्या जिभेसाठी ते मरू नयेत, म्हणून आपल्याकडे ते वर्ज्य. नियम त्यांच्यासाठी आहे. त्या पथ्याच्या कागदावर तोच पदार्थ वर्ज्य होता, पण कारण अगदी उलटं. तिथे त्या जिवांची भीती होती, त्यांना आपल्या पोटात थारा मिळू नये म्हणून. एका ताटातून इडली करुणेनं उचललेली, दुसऱ्यातून भयानं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही ताटं सारखीच दिसतात. ज्या दिवशी मी करुणेच्या नियमाला तब्येतीचा फायदा चिकटवला, त्या दिवशी तो नियम माझ्या सोयीचा झाला. उद्या कुणी आंबवलेलं खाल्लं की तब्येत सुधारते असं सिद्ध केलं, तर मी काय करणार? इडली खाणार? निगोद म्हणजे बॅक्टेरिया असंही म्हणणारे आहेत. मी ते म्हणणार नाही. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द आहेत, त्यांना आपल्या अभिमानासाठी एका दाव्याला बांधू नये.

पथ्य वाईट नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणणं हा या दुखण्यावरचा खरा उपाय आहे, कारण वाढलेली साखर बुरशीला पोसते. पण पथ्याला तपासणी लागते, मुदत लागते, गुण आला का हे बघावं लागतं, आणि नाही आला तर ते सोडायची तयारी लागते. तपाला दुसरं काही लागतं. उघडेपणा लागतो. का करतो आहोत हे स्वतःला आणि गुरूला सांगता आलं पाहिजे. जे सांगता येत नाही म्हणून आपण ताटातले पदार्थ कमी करत जातो, त्याला दोन्ही नावं देऊ नयेत. पर्वाचा तिसरा दिवस आर्जवाचा, सरळपणाचा आहे. तप सातवा. क्रम उगीच नाही असं मला वाटतं. मी तिसरी पायरी गाळून सातवीवर जाऊन बसले होते.

शौचाचंही तसंच. दहा धर्मांत शौच आहे, पण तो लोभ धुण्याचा. आपण बायकांनी त्याचा अर्थ अंग धुण्याचा केला आणि बायकांच्या अंगाला तर कायमचं अशुचि ठरवून टाकलं. मी दिवसातून सहा वेळा धुत होते ते बुरशीला नव्हे. मला स्वतःची घाण वाटत होती. तिथे औषध लागत नव्हतं, कुणीतरी 'हे सगळ्यांना होतं गं' म्हणायला हवं होतं.

त्या निस्टॅटिन औषधाची गोष्टही सांगायला हवी. ते दोन बायकांनी शोधलं, एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. मातीतले जिवाणू आणि त्यांचे अर्क बरण्यांत घालून टपालानं एकमेकींना पाठवत त्यांनी काम केलं. व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्यांच्या शेतातल्या मातीत हवा तो जिवाणू सापडला. 1950 मध्ये त्यांनी शोध जाहीर केला आणि राज्याच्या नावावरून औषधाला निस्टॅटिन म्हटलं. पेटंटवर 1 कोटी 30 लाख डॉलरच्या वर पैसा आला. दोघींनी तो स्वतःसाठी घेतला नाही, पुढच्या संशोधनाला देऊन टाकला. त्या जैन नव्हत्या, पण औषधदान याहून वेगळं काय असतं? ज्या दुखण्याबद्दल आपण आईशीही बोलत नाही, त्यावर दोन बायका बरण्या पाठवत बसल्या आणि आलेल्या पैशाला हात लावला नाही.

आपल्याकडे दानं चार: आहार, औषध, शास्त्र, अभय. हेझन-ब्राउनसारखं औषध मला देता येणार नाही. पण जे कळलं ते सांगणं हे शास्त्रदानातच बसतं, आणि दुसरीची भीती जावी म्हणून सांगितलं तर अभयदानातही. म्हणून पुढच्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी मंडळात उभं राहून सगळं सांगायचं मी ठरवलं. आदल्या रात्री आधी नवऱ्याला सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मला वाटलं माझंच काही चुकलं." मग सासूबाईंना सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या बराच वेळ वाती वळत बसल्या. मग म्हणाल्या, "थोरलीच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा मला सात महिने होतं. मामंजींच्या घरात कुणाला सांगणार? मी चातुर्मासाचं ब्रह्मचर्य धरलंय असं सांगितलं. लोकांनी पाया पडून घेतल्या."

दुसऱ्या दिवशी मी बोलले. गेल्या वर्षीचं श्रीफळ माझ्या तपाचं नव्हतं, त्याबद्दल क्षमा मागितली. पाच मिनिटांत संपलं. टाळ्या नाहीत. पण नंतर चपला घालताना एकेक जण जवळ येऊ लागली. साठीची एक बाई कानाशी लागून म्हणाली की तिला दोन वर्षं हेच होतंय, साखरेची नवीन गोळी सुरू झाल्यापासून. मधुमेहाची काही औषधं जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि त्यानं ही बुरशी वाढू शकते, हे मी वाचलं होतं. म्हटलं, "काकू, मनानं गोळी बंद करू नका. डॉक्टरांना जाऊन हेच वाक्य जसंच्या तसं सांगा." त्यांनी सांगितलं. औषध बदललं. आता बऱ्या आहेत.

तुमच्यापैकी कुणाला असेल तर एवढंच सांगते. मनानं मलम लावू नका. एकदा तपासून घ्या. वर्षात तीन-चार वेळा झालं तर साखर तपासा. गरोदर असाल तर गोळी विचारल्याशिवाय मुळीच नको. दिलेलं औषध खाज थांबली तरी पुरं करा. आत साबण, जंतुनाशक, दही, काही घालू नका. दही ताटात शोभतं.

मी आता भात खाते, फळं खाते. कुंदाही खाते, सणासुदीला. मागच्या पर्वात दहा दिवस खरोखर गोड सोडलं. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सातव्या दिवशी सत्काराची यादी करायला अध्यक्षीणबाई आल्या तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, "आमच्या सूनबाईंचं नाव नको हो लिहू. ती तब्येतीनं बरी आहे."